नरभक्षक, औषध आणि 'करण्यात आले': राजकारणातल्या दुष्टपणाच्या भाषेबद्दल



पत्रिकेवर विषयाचं नाव जरा जड छापलं गेलंय, 'राजकारण आणि अशुभाची समस्या'. देवानं जगात वाईट का ठेवलं याचं उत्तर ऐकायला कुणी आलं असेल, तर त्यांची निराशा होणार. ते उत्तर माझ्याकडे नाही. आजचा प्रश्न त्यापेक्षा साधा आहे. आपण राजकारणात दुसऱ्याला राक्षस म्हणतो, रावण म्हणतो, सैतान म्हणतो, गद्दार म्हणतो, अफजलखान म्हणतो. तेव्हा आपण नेमकं काय करतो? आणि हे करत असताना काय करायचं राहून जातं?

पहिल्या भागाबद्दल सगळेच बोलतात. भाषेचा स्तर घसरला, पूर्वी असं नव्हतं, वगैरे. मला हे फारसं पटत नाही. ज्यांनी आचार्य अत्र्यांचा 'मराठा' वाचलाय त्यांना पूर्वीची भाषा किती सोज्वळ होती ते माहीत आहे. शब्द कडक असण्याला माझा आक्षेप नाही. नीतीच्या प्रश्नावर माणसानं गुळमुळीत बोलूच नये. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो सांगायला मला पुण्या-मुंबईचं उदाहरण घ्यायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातच दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की पुरे.

पहिली गोष्ट वाघिणीची. इथून राळेगाव, पांढरकवडा काही लांब नाही, त्यामुळे तुमच्यातल्या अनेकांना ती माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. २०१६ ते २०१८ या काळात त्या पट्ट्यात तेरा माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली. त्यातले बहुतेक मृत्यू टी-१ या वाघिणीच्या नावावर लावले गेले. गुराखी जंगलात जाईनात, बाया कापूस वेचायला एकट्या निघेनात. भीती खरी होती, ती कुणी उभी केलेली नव्हती. मग हत्ती आले, कॅमेरे आले, नेमबाज आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या बाजूला ती मारली गेली.

आता शब्द पाहा. गावांत तिचं नाव 'नरभक्षक'. शहरांत तिचं नाव 'अवनी'. इकडे फटाके वाजले, तिकडे मेणबत्त्या लागल्या. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी ही सरळ हत्या आहे असं म्हणून वनमंत्री सुधीर मुनगंटीवारांना पदावरून दूर करायची भाषा केली. मुनगंटीवारांनी उलट विचारलं की मग कुपोषणानं बालकं मरतात त्याची जबाबदारी घेऊन महिला व बालविकास मंत्र्यांनी का राजीनामा देऊ नये? म्हणजे एका जनावरापायी दोन मंत्री एकमेकांना पापी ठरवत होते. आणि एक बारीक गोष्ट फार जणांच्या लक्षात नाही. वाघिणीच्या शोधासाठी आणलेला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्यात राळेगाव तालुक्यातल्या एका बाईचा जीव गेला. त्या हत्तीला कुणी नरभक्षक म्हटलं नाही. त्याला परत पाठवलं. हत्ती सरकारी होता ना!

गंमत अशी की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला दुष्ट ठरवायची सोयच नाही. तिथे भाषा आहे ती 'मानवी जीवाला धोकादायक झालेला' प्राणी अशी. 'झालेला' या शब्दाकडे लक्ष द्या. धोकादायक झाला म्हणजे काहीतरी घडलं. कधी, कुठे, कशामुळे, हे विचारता येतं. जंगल किती तुटलं, गुरं किती आत गेली, हेही विचारता येतं. 'नरभक्षक' म्हटलं की हे विचारणं थांबतं. ती आहेच तशी, विषय संपला. आणि 'अवनी' म्हटलं तरीही थांबतं, कारण मग ती आई आहे, निरागस आहे, दुष्ट ते गाववाले आहेत.

आता दुसरी गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षीची. २०१७ चा पावसाळा. कपाशीची झाडं माणसाच्या डोक्याला लागतील इतकी वाढली होती, बोंडअळी आली होती. फवारणी करणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर फवारा परत येत होता. दोन-तीन द्रव्यं एकत्र कालवून मारली जात होती. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेकडो माणसं दाखल झाली. जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. वाघिणीच्या नावावर दोन वर्षांत जितके मृत्यू लागले, त्याहून जास्त मृत्यू इथे एका हंगामात.

त्या द्रव्याला आपण काय म्हणतो? 'औषध'. 'औषध मारून आलो', 'औषध आणायला कृषी केंद्रात गेलो'. विषाला औषध म्हणणारी आपली भाषा आहे, आणि याचा दोष मी शेतकऱ्याला देत नाही. पिकाच्या बाजूनं पाहिलं तर ते औषधच. पण बघा, वाघीण माणूस खाते तेव्हा तिला राक्षसाच्या रांगेतलं नाव मिळतं, आणि डबा माणूस मारतो तेव्हा त्याचं नाव वैद्याच्या पिशवीतलं असतं.

मग त्या मृत्यूंचा राक्षस कोण झाला? कुणीच नाही. विशेष तपास पथक नेमलं गेलं. काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. फवारणी करणाऱ्यांनी काळजी घेतली नाही, हातमोजे-मुखपट्टी वापरली नाही, यावरही बोट ठेवलं गेलं. काही कुटुंबांना पुढे थेट स्वित्झर्लंडमध्ये जाऊन दाद मागावी लागली. पण सभेत उभं राहून ज्याच्याकडे बोट दाखवावं असा चेहरा त्या प्रकरणाला नव्हता. ते द्रव्य एकानं बनवलं, दुसऱ्यानं नोंदणी दिली, तिसऱ्यानं विकलं, चौथ्यानं दुकानाच्या ओट्यावर 'हे यात टाका, जोर येते' असं सांगितलं, पाचव्यानं मजुराला पंप दिला पण मोजे दिले नाहीत, सहाव्यानं रुग्णालयात लागणाऱ्या तपासणीची सोय वेळेत केली नाही. सहा क्रियापदं, सहा कर्ते. प्रत्येकाचा वाटा लहान, पण बेरीज वीसहून अधिक माणसं.

माझा मुद्दा एवढाच आहे. दुष्टपणाची जी भाषा आपण राजकारणात वापरतो तिला चेहरा लागतो. नाम लागतं. राक्षस, गद्दार, नरभक्षक ही सगळी नामं आहेत. जिथे चेहरा नसतो तिथे ही भाषा मुकी होते. आणि आपल्या काळातलं बहुतेक मोठं वाईट चेहऱ्याशिवाय घडतं.

ते ज्या भाषेत घडतं ती तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तहसीलमध्ये कुठलाही कागद उचला. 'परवाना देण्यात आला.' 'सूचना निर्गमित करण्यात आल्या.' 'दुर्लक्ष झाल्याचे निदर्शनास आले.' कोणी दिला, कोणी काढल्या, कोणी दुर्लक्ष केलं? कर्ता गायब. शाळेत आपल्याला कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा मास्तरांनी सांगितलं नाही की पुढे अख्खं राज्य या प्रयोगावर चालणार आहे! व्यासपीठावर 'राक्षस' आणि कचेरीत 'करण्यात आले', या दोन भाषा एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. एक तापलेली, एक थंड. पण त्या सख्ख्या बहिणी आहेत. पहिली कर्त्याला इतका मोठा करते की त्याला हिशेब विचारणंच हास्यास्पद वाटावं. राक्षसाला कोणी पावती मागतं का? दुसरी कर्त्याला इतका लहान करते की तो दिसूच नये.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे हाना आरेंट आठवेल. १९६१ साली जेरुसलेमला आइशमनवर खटला चालला. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था लावणारा हा अधिकारी. लोकांना काचेच्या पिंजऱ्यात राक्षस पाहायचा होता. आरेंटला दिसला तो ठरीव वाक्यांशिवाय बोलू न शकणारा एक माणूस. कचेरीची भाषा हीच आपली एकमेव भाषा आहे, असं तो स्वतःच न्यायालयात म्हणाला. १९६३ मध्ये तिचं पुस्तक आलं तेव्हा लोक चिडले, त्यांना वाटलं ती त्याचा गुन्हा सौम्य करते आहे. तसं नव्हतं. त्याला फाशी व्हावी हे तिला मान्यच होतं. तिचं म्हणणं होतं की राक्षस शोधत बसाल तर हा माणूस तुम्हाला कधी सापडणार नाही. (आइशमनबद्दल तिचा अंदाज कितपत बरोबर होता यावर नंतर पुष्कळ वाद झाला. तो कट्टर होता असं दाखवणारे कागद पुढे आले. पण भाषेबद्दलचं तिचं निरीक्षण त्यानं खोटं ठरत नाही.)

असो. घरी परत येऊ. मराठीत हा प्रश्न सर्वात धीटपणे कुणी विचारला असेल तर लोकमान्य टिळकांनी, आणि मला त्यांच्याशीच थोडं भांडायचं आहे.

जून १८९७. पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव. प्राध्यापक भानूंनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिलं, अध्यक्ष होते टिळक. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तांत आला. टिळकांच्या भाषणाचा धागा असा होता: आधी वार कुणी केला या वादात कशाला पडता? शिवाजी महाराजांनी बेत करूनच खानाला मारलं असं धरून चाला, आणि मग विचारा, हे कृत्य चांगलं की वाईट? वाचताना मला अजूनही टिळकांचं कौतुक वाटतं. खान राक्षस होता, म्हणून सगळं माफ, अशी सोपी वाट त्यांनी घेतली नाही. महाराजांच्या कृत्याला प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी भर सभेत गृहीत धरलं. आज हे कुणी केलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

पण उत्तर काय दिलं? पीनल कोडातून बाहेर या, गीतेच्या उंचीवर चढा. फळाची इच्छा न धरता, लोककल्याणासाठी केलं असेल तर मारणाऱ्याला पाप लागत नाही. थोर पुरुष सामान्य नीतीच्या वर असतात. इथे माझं भांडण आहे. हेतू निष्काम होता की नाही हे तपासायचं कुणी? पीनल कोड कितीही परक्याचं असो, तिथे पुरावा लागतो, साक्षीदार लागतो. निष्कामतेला साक्षीदार कोण? फक्त करणारा स्वतः. म्हणजे टिळकांनी कृत्याचा हिशेब मागायला सुरुवात केली आणि शेवटी वही करणाऱ्याच्याच हाती दिली.

आठवड्याभरात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांचा त्या कटाशी संबंध होता असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर चालला तो खटलाही खुनाचा नव्हता, राजद्रोहाचा होता, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी ही लेखनाला दिलेली शिक्षा होती. तिचा निषेधच केला पाहिजे. प्लेगच्या वेळी रँडच्या अंमलात लोकांच्या घरात सोजीर शिरत होते, सामान जाळलं जात होतं, तो संतापही खरा होता. माझा प्रश्न युक्तिवादाचा आहे. हा युक्तिवाद टिळकांसारख्या माणसाच्या हातात एक असतो, आणि ज्याला गीता वाचायची सवड नाही पण आपला हेतू शुद्ध असल्याची खात्री आहे अशा माणसाच्या हातात दुसराच होतो. 'गीतारहस्या'त टिळकांनी पुढे कर्म-अकर्माची चर्चा फार बारकाईनं केली, अपवाद कुठे आणि का, हे मांडलं. राजकारणानं ती चर्चा घेतली नाही. भाषणातली उंची तेवढी घेतली.

आणि अफजलखान? तो तर आपल्याकडे दर निवडणुकीला येतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जे घडलं त्यात खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. पण रूपकाला इतका तपशील परवडत नाही. २०१४ च्या विधानसभा प्रचारात शिवसेनेनं भाजपच्या नेत्यांना अफजलखानाची फौज म्हटलं. ऑक्टोबरात मतदान झालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच फौजेच्या मंत्रिमंडळात सेनेचे मंत्री शपथ घेत होते. २०२४ च्या प्रचारात भाजपकडून मतांच्या 'धर्मयुद्धा'ची हाक आली. मल्लिकार्जुन खर्गे यांनी २०२२ मध्ये पंतप्रधानांना रावणाची उपमा दिली. मी कुणा एकाची बाजू घेत नाही, यादी करायची तर सगळ्यांची होईल.

यात दोन शक्यता असतात, आणि दोन्ही वाईट. एक, बोलणाऱ्याला ते खरं वाटतच नाही. मग डिसेंबरात शपथ घेता येते, आणि 'दुष्ट' हा शब्द जुन्या नोटेसारखा चलनातून जातो. उद्या खरंच कुणी माणुसकीला काळिमा फासणारं कृत्य केलं, तर त्याला म्हणायला शब्द उरत नाही. दोन, ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. नेते एकत्र जेवतात, पण गावात त्या शब्दापायी ज्यांची डोकी फुटली त्यांचे टाके तसेच राहतात.

रावणावरून आठवलं. आपल्या भागात हे बोलायलाच हवं. मारेगाव, झरी, पांढरकवडा हा गोंड आणि कोलाम वस्तीचा मुलूख. विदर्भात अनेक आदिवासी संघटना दसरा जवळ आला की निवेदनं देतात, रावणदहन थांबवा, तो आमचा पूर्वज आहे. काही जणांना याचं हसू येतं. मला येत नाही. ऐतिहासिक रावण गोंड होता का हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याचं उत्तर शिलालेखात सापडणार नाही. पण निवेदनातलं म्हणणं तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं फार नेमकं आहे. ते असं की तुमची दुष्टपणाची संज्ञा हवेतून आलेली नाही, ती कुणाच्या तरी अंगावरून काढलेली आहे. शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. ऋग्वेदाच्या जुन्या भागात 'असुर' हे वरुणासारख्या देवाचं सन्मानाचं विशेषण आहे. इराणी परंपरेत तोच शब्द 'अहुर' होऊन सर्वोच्च देवाचं नाव झाला. आपल्याकडे तो खाली घसरत राक्षसांच्या रांगेत गेला. हरलेल्याचा देव जिंकणाऱ्याचा दैत्य होतो, हे जगभर झालं आहे.

मग काय, वाईटाला वाईट म्हणायचंच नाही? असं कोणी म्हणेल तर मी त्याच्याबरोबर नाही. मला उलट उदाहरण द्यायचं आहे. फेब्रुवारी १९३८, मनमाड. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. 'शत्रू' म्हटलं, शब्द मऊ केला नाही. पण लगेच खुलासा केला: ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण समाजाची सत्ता असं मला म्हणायचं नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही. तिचे जनक ब्राह्मण असले तरी ती आता सगळ्या वर्गांत पसरली आहे. आणि मग थेट उदाहरणं, रेल्वेत कुठली कामं अस्पृश्यांना मिळत नाहीत, बढती कुठे अडते. हा खुलासा सौजन्य म्हणून केलेला नव्हता. रेल्वेतल्या सवर्ण कामगाराच्या वागण्यालाही तो शब्द लागू पडावा म्हणून तो आवश्यक होता. नाम जातीला चिकटवलं असतं तर तो कामगार सुटला असता. त्याआधी, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः जन्मानं ब्राह्मण होते. जळला तो ग्रंथ, म्हणजे नियम.

गांधीजींनीही १९२० च्या सुमारास इंग्रज सरकारला सैतानी म्हटलं, आणि त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की चौरीचौरा घडल्यावर त्यांनी लगाम आपल्याच लोकांना घातला. सैतानाविरुद्ध सगळं चालतं, असं त्यांनी मानलं नाही. टिळकांच्या युक्तिवादात न सापडणारी गोष्ट ती हीच.

आणि पसायदान तुम्हाला पाठ आहे, मी म्हणून दाखवत नाही. त्यात खळ नाहीसे होवोत असं मागणं नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असं आहे. ते मागणं आपण शाळेत रोज हात जोडून म्हणतो आणि संध्याकाळी सभेत विसरतो.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली वाचतो. 'सर, तुम्ही म्हणता राक्षस म्हणू नका. पण ज्या सावकारानं आमचं वावर लिहून घेतलं त्याले राक्षस नाही त काय म्हणाव?'

चिठ्ठी कोणाची आहे ते विचारत नाही. म्हणा, घरात म्हणा, बांधावर म्हणा, तुमचा अधिकार आहे. पण एक हकीकत ऐका. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी उठले आणि दंगा आजूबाजूच्या गावांत, नगर जिल्ह्यातही पसरला. सावकार हाताशी होते, घरं उघडी पडली होती. तरी माणसांना मारहाण फार थोडी झाली. लोकांनी मागितले ते खतं, रोखे, दस्तऐवज, आणि रस्त्यावर आणून जाळले. जिथे सावकारानं कागद निमूट दिले तिथून लोक परतही गेले. आपल्याला कोणी आणि कशानं बुडवलं, हे त्या निरक्षर माणसांना नेमकं कळलं होतं. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाच्या व्यवहारात कोर्टानं खोलात जाऊन पाहावं असा कायदा आला.

आज २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. अवैध सावकारीत गेलेली जमीन चौकशी करून परत देण्याची तरतूद त्यात आहे, अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जातो. त्या अर्जात सावकार कसा आहे हे विचारत नाहीत. रक्कम किती, व्याज किती, तारीख कोणती, खरेदीखत कुणाच्या नावे, साक्षीला कोण होतं, हे विचारतात. ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांनी कार्यक्रम झाल्यावर थांबावं. आपल्यात एक-दोन वकील मंडळी बसली आहेत, कागद घेऊन त्यांच्याशी बोलू.

पुढची चिठ्ठी?